बद्धावस्थेचा प्रश्न : पॉझिट्रॉनियम ते कृष्णद्रव्य

विश्वातील द्रव्यापैकी सुमारे ८५ टक्के भाग प्रकाश देत नाही व शोषीतही नाही. त्याचे रूढ नाव ‘कृष्णद्रव्य’ तसे फसवेच होय. काळी वस्तू प्रकाश गिळते, हे द्रव्य तो आरपार जाऊ देते. त्याचे कण अद्याप कोणत्याही प्रयोगात निर्विवादपणे आढळलेले नाहीत. तथापि ते जड असल्यास त्यांच्या जोड्या कशा बांधल्या जातील, हा प्रश्न वाटतो तितका नवा नाही.

त्याचे मूळ इलेक्ट्रॉन व पॉझिट्रॉन यांच्या अभ्यासात आहे. या दोहोंच्या प्रकीर्णनाचे गणित होमी भाभा यांनी १९३६ साली प्रसिद्ध केले. जोडी नष्ट होऊन पुन्हा प्रकट होण्याची शक्यताही त्यांनी हिशेबात धरली. हीच जोडी बांधली गेली म्हणजे पॉझिट्रॉनियम. ते मार्टिन डॉइच यांनी १९५१ मध्ये प्रयोगाने दाखविले. त्याच्या एका रूपाचे सरासरी आयुष्य सुमारे ०.१२५ नॅनोसेकंद, तर दुसऱ्याचे सुमारे १४२. बंधन ही येथे नाशाचीच पूर्वतयारी असते.

कृष्णद्रव्याच्या बाबतीत वस्तुमान निर्णायक ठरते. बलाचा वाहक कण जड असला की बलाचा पल्ला आखूड होतो. डब्ल्यू बोसॉनाचा पल्ला प्रोटॉनच्या त्रिज्येच्या तीनशेव्या हिश्श्याहूनही कमी आहे. हलक्या कणांची कक्षा त्यात मावत नाही. वस्तुमान वाढेल तशी कक्षा आकसते, आणि ती पल्ल्यात आली की जोडी बांधली जाऊ शकते. मात्र जास्तीची ऊर्जा एखादा हलका कण उत्सर्जित करून टाकून द्यावी लागते. अशा जोड्या आद्य विश्वात नाशाची जादा वाट उघडतात, हे फॉन हार्लिंग व पेट्राकी यांनी २०१४ मध्ये दाखविले. मग आजच्या प्रमाणाशी मेळ बसण्यास कण अधिक जड मानावा लागतो. ही वाट विसरणारा संशोधक कण भलत्याच वस्तुमानाशी शोधीत राहील.

न बांधलेल्या, पण मंद गतीने जवळ येणाऱ्या जोडीलाही आकर्षणाचा लाभ होतो. या परिणामाला झोमरफेल्ड यांचे नाव आहे. भाभांनी १९४५ मध्ये स्थापन केलेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील अनिर्बन दास व बासुदेब दासगुप्ता यांनी २०१७ मध्ये त्यात एक निवड-नियम दाखविला. समरूप कणांच्या विनिमय-सममितीमुळे विषम कोनीय संवेगाच्या लहरी बळावतात व सम लहरी दबतात. भाभांच्या १९३६ च्या निबंधाच्या शीर्षकातही ‘विनिमय’ होता. परंतु शब्द एक म्हणून वंश एक, असे समजू नये. या नियमाचे फलित असे की, मंद गतीत एरवी नगण्य मानला जाणारा नाशाचा प्रकारच आजच्या विश्वात वरचढ ठरू शकतो.