जावांचे गोखले आणि दगडावरची नावं



नितळ, गोऱ्या कांतीला आपण मराठीत 'आरसपानी' म्हणतो. आरसपान म्हणजे संगमरवर, आणि गुजरातीत तोच आरसपहाण. अंबाजीजवळ आरासण नावाचं जुनं गाव होतं, त्यालाच आज कुंभारिया म्हणतात. तिथल्या खाणींतून हजार वर्षांपूर्वी पांढरा दगड निघायचा आणि त्यातून आपली देरासरं उभी राहायची. आरसपान या शब्दाचं नातं कुणी आरासणशी जोडतं, कुणी आरशाशी. मला मात्र आरासणचं नातं आवडतं. कोल्हापूर-पुण्याकडची सासू सुनेचं कौतुक करताना आपल्या तीर्थाच्या खाणीचं नाव घेते, ही कल्पनाच गोड आहे.

आज याच दगडाबद्दल लिहायचं आहे, आणि आबूच्या देलवाड्यातल्या दोन गोखल्यांबद्दल. त्यांच्याविषयी सांगितली जाणारी एक गोष्ट आपण बायकांनी आता तरी तपासून घ्यायला हवी.

आधी दगडाची थोडी ओळख. संगमरवर मुळात चुनखडीच. जमिनीच्या पोटात प्रचंड उष्णता आणि दाब सोसून ती नव्याने घट्ट होते, तिचे कण स्फटिकासारखे एकमेकांत बसतात. चांगल्या पांढऱ्या संगमरवरात उजेड थोडा आतपर्यंत शिरतो आणि मग परत येतो. म्हणून त्यातली मूर्ती कोरडी दिसत नाही, आतून उजळल्यासारखी दिसते. कण सगळीकडे सारखे असल्याने कारागिराला हव्या त्या दिशेने कोरता येतं. मात्र मूळचा चुनाच असल्याने आंबट त्याला सोसत नाही. ओट्यावर लिंबू कापून ठेवलं की तिथली चकाकी जाते, तसंच घरदेरासरातल्या संगमरवरालाही होतं. म्हणून त्याला चिंच, लिंबू, व्हिनेगर किंवा अ‍ॅसिडवालं क्लीनर कधीच लावू नका. साधं पाणी आणि मऊ कापड पुरे.

हा दगड सगळ्या जगाला आवडला. अथेन्समध्ये इ.स.पू. ४४७ पासून पार्थेनॉनचं मंदिर बांधलं गेलं, ते जवळच्या पेंटेलिकॉन डोंगराच्या संगमरवरात. रोमन लोकांनी इटलीतल्या काराराच्या खाणी चालवल्या. पुढे १५०१ ते १५०४ मध्ये मायकेलअँजेलोने तिथल्याच दगडातून डेव्हिड घडवला. आपल्याकडे मकराण्याचा संगमरवर आग्र्याला ताजमहालासाठी गेला आणि विसाव्या शतकात कलकत्त्याला व्हिक्टोरिया मेमोरियलसाठीही. महाराष्ट्राचा दगड मात्र काळा. वेरूळची आपली इंद्रसभा बेसाल्टच्या कड्यात कोरलेली आहे. आज आपल्या गावोगावच्या देरासरांत जो पांढरा दगड दिसतो, तो बहुतेक राजस्थानातून आलेला.

आता आबूकडे येऊ. सोलंकी राजा भीमदेव पहिला याचे दंडनायक विमलशाह यांनी १०३१ मध्ये आदिनाथ भगवंतांचं मंदिर बांधलं, ते विमल वसही. त्यानंतर सुमारे दोनशे वर्षांनी, विक्रम संवत १२८७ मध्ये, म्हणजे इ.स. १२३० च्या सुमारास, धोळक्याच्या वाघेला राजांचे मंत्री वस्तुपाल आणि तेजपाल या भावांनी शेजारीच नेमिनाथ भगवंतांचं मंदिर उभारलं, ती लूण वसही. दगड आरासणचा. डोंगर चढून १२०० मीटर उंचीवर तो न्यायचा, तेही आजच्यासारखा रस्ता नसताना. बाहेरून ही मंदिरं साधीच दिसतात. आत शिरून रंगमंडपाच्या छतातलं लोंबतं कमळ पाहिलं की मान खाली करवत नाही.

याच लूण वसहीत मूळ गाभाऱ्याकडे जाणाऱ्या गूढमंडपाच्या दाराला दोन्ही बाजूंनी एकेक मोठा गोखला आहे. आपल्या मराठीत कोनाडा म्हणा, पण कोनाडा म्हटल्यावर पणती ठेवण्याची जागा डोळ्यांपुढे येते. हे गोखले म्हणजे छोटी मंदिरंच आहेत, आणि कोरीव काम इतकं बारीक की दगड आहे हे विसरायला होतं. त्यांना 'देराणी-जेठाणीचे गोखले' म्हणतात. गोष्ट अशी सांगतात की वस्तुपाल-तेजपालांच्या बायका, म्हणजे दोघी जावा, ईर्ष्येला पेटल्या. एकीने गोखला करवला म्हणून दुसरीने करवला. तुझ्यापेक्षा माझा वरचढ, असं म्हणत प्रत्येकीने नऊ-नऊ लाख खर्च केले.

आमची संघयात्रेची बस गेली होती तेव्हा गाइडने हीच गोष्ट रंगवून सांगितली. सगळे हसले आणि दोन-चार माना माझ्याकडे आणि माझ्या धाकट्या जाऊबाईंकडे वळल्या. आम्हीही हसलो. यात्रेत हसायला काय जातं?

पण त्या गोखल्यांवर लेख कोरलेले आहेत आणि ते वाचले गेले आहेत. मुनिराज जयंतविजयजींनी आबूवरच्या आपल्या पुस्तकांतून ते सगळ्यांसाठी उपलब्ध करून दिले. लेखांत जावा नाहीतच. दोन्ही गोखले तेजपालांनीच करवले, तेही एकाच स्त्रीसाठी. ती म्हणजे त्यांची दुसरी पत्नी सुहडादेवी, पाटणच्या मोढ घराण्यातली. संवत १२९७, म्हणजे मंदिराच्या प्रतिष्ठेनंतर दहा वर्षांनी, तिच्या श्रेयार्थ, म्हणजे तिच्या आत्म्याच्या कल्याणासाठी. बरोबरी नाही, ईर्ष्या नाही, नऊ लाखांचा हट्ट नाही. एका नवऱ्याने बायकोच्या नावे केलेलं हे धर्मकार्य आहे आणि ते दगडावर स्वच्छ लिहिलेलं आहे.

मैत्रिणींनो, मी बी.कॉम. केलं त्याला चाळीसहून जास्त वर्षं झाली. लग्नानंतर घरखर्चाच्या वहीपलीकडे हिशेब केले नाहीत. पण एक सवय राहिली. कुणी आकडा सांगितला की व्हाउचर कुठे आहे, हे विचारावंसं वाटतं. नऊ लाखांचं व्हाउचर नाही. सुहडादेवींचं आहे.

मग मी या मंदिरातल्या बाकीच्या बायका शोधल्या, आणि त्या सगळीकडे सापडल्या.

संवत १२८७ च्या लेखाप्रमाणे तेजपालांनी मंदिरच पत्नी अनुपमादेवी आणि मुलगा लावण्यसिंह यांच्या श्रेयार्थ बांधलं. अनुपमादेवी चंद्रावतीच्या धरणिगांची लेक. मंदिराच्या व्यवस्थेची जबाबदारी लेखात ज्यांच्यावर सोपवली आहे, त्यांत सासरच्या भावांसोबत अनुपमादेवींच्या माहेरची माणसंही आहेत. सुनेच्या माहेरचे ट्रस्टी! आजच्या किती ट्रस्टमध्ये हे दिसेल? वर्षगाठीचा आठ दिवसांचा उत्सव कोणत्या दिवशी कोणत्या गावच्या श्रावकांनी करायचा, हेही त्यात वाटून दिलं आहे. इतकी नीटनेटकी व्यवस्था पाहून माझ्यातली कॉमर्सची विद्यार्थिनी सुखावली.

वस्तुपालांना सात बहिणी होत्या. जाल्हू, माऊ, साऊ, धनदेवी, सोहगा, वयजू आणि पद्मला. ही नावं आपल्याला ठाऊक आहेत, कारण ती लेखांत कोरली गेली आणि भमतीतल्या देवकुलिका त्यांच्या श्रेयार्थ करवल्या गेल्या. लग्न होऊन गेलेल्या लेकींनाही भावांनी आपल्या मंदिरात जागा दिली. मागच्या हस्तिशाळेत संगमरवरी हत्तींच्या पाठीमागे कुटुंबातली माणसं उभी आहेत. त्यांत आई कुमारदेवी आहे, वस्तुपालांच्या ललितादेवी आहेत, तेजपालांच्या अनुपमादेवी आहेत. प्रत्येकीचं नाव लिहिलेलं आहे.

अनुपमादेवींबद्दल प्रबंधांतून काही कथा आल्या आहेत. त्या कथा म्हणूनच सांगते. दोघे भाऊ धन पुरायला गेले तर खणताना आणखीच धन निघालं. तेव्हा त्या म्हणाल्या, खाली कशाला पुरता, डोंगराच्या माथ्यावर ठेवा, सगळ्यांना दिसेल आणि कुणाला नेता येणार नाही. पुढे बांधकाम रेंगाळलं तेव्हा त्यांनीच सुचवलं की कारागिरांच्या दिवसाच्या आणि रात्रीच्या वेगळ्या पाळ्या करा, थंडीत शेगड्या द्या, जेवणाची सोय आपल्याकडून करा. आबूची थंडी ज्यांनी सोसली आहे त्यांना कळेल की गारठलेल्या बोटांनी छिन्नी धरणं काय असतं. चूल सांभाळणाऱ्या बाईलाच हे आधी सुचावं, यात नवल नाही.

कारागिरांबद्दलही एक दंतकथा आहे. घासून निघालेल्या चुऱ्याच्या भारोभार चांदी दिली म्हणे. मला त्यात हिशेबाची जाण दिसते. रोजावर काम दिलं तर वेळ जातो, नगावर दिलं तर घाई होते. चुऱ्यावर दिलं तर कारागीर पुन्हा पुन्हा घासत बसेल आणि नक्षी आणखी पातळ, आणखी नाजूक होत जाईल. खरं असो-नसो, ज्याने ही कथा रचली त्याला कामाची रीत समजत होती.

कारागिरांच्या मजुरीचे खरे हिशेब मात्र अथेन्समध्ये दगडावर कोरलेले सापडले आहेत. तिथल्या एरेक्थिऑन मंदिराच्या, इ.स.पू. ४०९ च्या सुमाराच्या हिशेबांत नागरिक, परके आणि गुलाम यांना एकाच कामाचा रोज एकच, एक द्राख्मा, लावलेला आहे. गुलामाचा रोज मालकाच्याच हातात जात असणार, ते वेगळं. मूर्तींचे दर नगावर होते. एका तरुणाच्या आकृतीला ६० द्राख्मा, आणि जिला मुलगी बिलगली आहे अशा स्त्रीला ८०. बिलगलेल्या लेकीचे वीस जास्त! कोणी कोणती आकृती केली, हेही लिहिलेलं आहे.

लूण वसहीचे असे हिशेब नाहीत. पण नावं काही आहेत. मंदिराचे सूत्रधार शोभनदेव. प्रशस्ती रचणारे सोमेश्वर, राजघराण्याचे ब्राह्मण पुरोहित. ती दगडावर कोरणारे सूत्रधार चंडेश्वर, धांधलचे पुत्र. त्यांनी अक्षरं इतकी जपून कोरली म्हणूनच आठशे वर्षांनी आपण अनुपमादेवींचं माहेर वाचू शकतो.

पुढे १३११ मध्ये दोन्ही मंदिरांवर आक्रमण झालं, मूर्ती भंगल्या. दहाएक वर्षांत संवत १३७८ ला श्रावकांनी जीर्णोद्धार केला. आपल्या काळात, १९५० च्या दशकात, शेठ कस्तूरभाई लालभाईंच्या पुढाकाराने आणंदजी कल्याणजी पेढीने मोठा जीर्णोद्धार हाती घेतला. अंबाजीचाच दगड आणला आणि सोमपुरा कारागिरांनी जुन्याशी जुळवून नवं कोरलं. कला संपली नव्हती, हात शिल्लक होते.

दगड तुटला तर असा सांधता येतो. गोष्ट एकदा तोंडी बसली की ती सांधणारा सोमपुरा मिळत नाही. सुहडादेवींचं नाव जागेवर असताना शेकडो वर्षं तिथे दोन भांडकुदळ जावा उभ्या केल्या गेल्या, कारण बायकांनी काही मोठं केलं तर ते जळूनच केलं असणार, हे ऐकायला सगळ्यांना सोपं वाटतं. आणि आपणही ते हसत हसत सुनांना सांगितलं.

म्हणून दोन गोष्टी सुचवते. पुढच्या वेळी आबूला गेलात की पूजा झाल्यावर त्या गोखल्यांपाशी थांबा. गाइडने गोष्ट सुरू केली तर हसतमुखाने सुहडादेवींचं नाव सांगा. बरोबर लहान मुली असतील तर सात बहिणींची नावंही सांगा, त्यांना मजा वाटेल.

आणि तुमच्या घराण्याची तक्ती एखाद्या देरासरात, भोजनशाळेत, पांजरापोळात लागणार असेल, तर मजकूर छापायला जाण्यापूर्वी एकदा बघा. 'समस्त परिवार' असं लिहून मोकळं होऊ देऊ नका. आईचं नाव, सुनेचं नाव, दिलेल्या लेकीचं नाव असू द्या. ज्या आत्याने लग्न न करता भावाची मुलं वाढवली, तिचंही असू द्या. संगमरवरावर अक्षराचे पैसे लागतात हे मला ठाऊक आहे. तेवढा खर्च घरखर्चाच्या वहीतून निघतो.

जय जिनेंद्र.