चार गाण्यांची तबकडी

कलेचे इतिहासकार बहुधा मोठ्या ग्रंथांची, मोठ्या नाटकांची आणि मोठ्या संगीतरचनांची नोंद करितात. छोट्या कृतींकडे त्यांचें लक्ष फारसें जात नाहीं. तथापि नवी कला पुष्कळदां छोट्या रूपानेंच जगापुढें येते, आणि तिला ओळखणारा कोणी भेटला तरच ती वाढते, असें आम्हांस वाटतें. ब्रिटनमधील स्वतंत्र बँडांचा १९७७ नंतरचा इतिहास याची उत्तम साक्ष देतो.

त्या काळीं आपलें गाणें ध्वनिमुद्रित होऊन दुकानांत यावें, अशी इच्छा असणाऱ्या तरुणांस बहुधा एखाद्या मोठ्या कंपनीची मर्जी संपादन करावी लागे. मँचेस्टरच्या ‘बझकॉक्स’ या बँडनें ही वाट सोडली. आप्तमित्रांकडून सुमारें ५०० पौंड उसने घेऊन त्यांनीं २८ डिसेंबर १९७६ रोजीं चार गाणीं ध्वनिमुद्रित केलीं, आणि १९७७ च्या जानेवारींत ‘स्पायरल स्क्रॅच’ नांवाची तबकडी स्वतःच प्रसिद्ध केली. अशा तबकडीस ‘ई. पी.’ म्हणतात. ती एकेरी गाण्याच्या तबकडीहून भरगच्च, पण दीर्घ तबकडीहून पुष्कळ लहान असते. हीं चारही गाणीं सुमारें दहा मिनिटांत संपतात. प्रथम अवघ्या १,००० प्रती काढल्या होत्या. पुढें खप १६,००० च्या घरांत गेला. कोणतें गाणें कितव्या प्रयत्नांत साधलें, हेंही वेष्टनावर छापलें होतें.

हें उघडेपण संसर्गजन्य ठरलें. त्याच वर्षीं लंडनच्या ‘डेस्परेट बायसिकल्स’नें १५३ पौंडांत आपली पहिली तबकडी काढली आणि श्रोत्यांनींही तसेंच करावें असें सुचविलें. १९७८ सालीं ‘स्क्रिटी पोलिटी’नें तर खर्चाचा हिशेबच वेष्टनावर दिला. कलावंत आणि श्रोता यांमधील भिंत अशा रीतीनें खालीं येऊं लागली.

परंतु तबकडी निघाली म्हणजे ती ऐकिली गेली असें नव्हे. जेफ ट्रॅव्हिस यांनीं १९७६ सालीं लंडनमध्यें उघडलेलें ‘रफ ट्रेड’ हें दुकान अशा अपरिचित तबकड्या आस्थेनें ठेवीत असे. बी. बी. सी.वर जॉन पील हे रात्रीच्या कार्यक्रमांत त्या वाजवीत. उत्तर आयर्लंडमधील ‘अंडरटोन्स’ या बँडची चार गाण्यांची तबकडी बेलफास्टच्या टेरी हूली यांनीं काढली. लंडनच्या कंपन्यांनीं मात्र तिची कदर केली नव्हती. सप्टेंबर १९७८ मध्यें पील यांनीं तींतील ‘टीनएज किक्स’ हें गाणें एकाच कार्यक्रमांत लागोपाठ दोनदां वाजविलें. लवकरच एका अमेरिकन कंपनीनें त्या बँडशीं करार केला.

गुण असला म्हणजे तो आपोआप वर येतो, असें म्हणणारांनीं या घटनेचा विचार करावा. पील यांनीं वाजविण्यापूर्वीं आणि नंतर गाणें तेंच होतें. पडला तो फरक एका दक्ष कानाचा. अशा तबकड्यांपैकीं पुष्कळ सामान्य होत्या, हें आम्हांस मान्य आहे. परंतु कोणती सामान्य आणि कोणती नाहीं, हें ऐकल्यावांचून कसें कळावें? येथेंच लहानपणाचा लाभ दिसतो. थोड्या भांडवलांत ती निघते, थोड्या पैशांत घेतां येते, आणि निवड चुकली तरी श्रोत्याचीं दहाच मिनिटें जातात.

पील २००४ सालीं निवर्तले. आज घरच्या घरीं चार गाणीं मुद्रित करून त्याच दिवशीं आंतरजालावर ठेवतां येतात, आणि २००८ सालीं सुरू झालेल्या ‘बँडकॅम्प’सारख्या ठिकाणीं तीं थेट कलावंताकडून विकत घेतां येतात. निर्मितीची अडचण पुष्कळ कमी झाली. ओळखण्याची मात्र वाढली, कारण संख्या अफाट झाली. कोणतें गाणें पुढें करावें हें आतां पुष्कळदां यंत्रच ठरवितें. आणि यंत्र बहुधा आपल्या पूर्वींच्या आवडीसारखेंच कांहीं आपल्यापुढें ठेवितें. जें आपणांस अद्याप आवडावयाचें आहे, तें त्यास कोठून ठाऊक असणार?

म्हणून पूर्वीं दुकानदार आणि निवेदक वाहत असलेला भार आतां बऱ्याच अंशीं श्रोत्यावर आला आहे. आठवड्यांतून एकदां दहा मिनिटें अनोळखी गाण्यांस द्यावीं, आणि जें आवडेल तें दुसऱ्यास ऐकवावें, एवढेंच हें व्रत. कलावंत आपलें काम करून मोकळा होतो. त्याचें नांव इतिहासांत राहावें कीं नाहीं, हें ऐकणारांनींच ठरवावयाचें असतें.