दोन कथांची भेट

एका मालिकेतील पात्रांनी दुसऱ्या मालिकेत प्रवेश केल्याचे प्रसंग दूरचित्रवाणीच्या इतिहासात पुष्कळ आहेत. त्यांतील बहुतेक प्रेक्षकसंख्या वाढविण्याकरिता योजिलेले असल्याने लवकरच विस्मरणात जातात. विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात अमेरिकेत झालेली एक भेट मात्र त्यांत निराळी ठरते.

‘लॉ अँड ऑर्डर’ ही न्यूयॉर्कची, तर ‘होमिसाइड : लाइफ ऑन द स्ट्रीट’ ही बाल्टिमोरची पोलीसकथा. दोन्ही एनबीसी या एकाच वाहिनीवर दाखविल्या जात. फेब्रुवारी १९९६ मध्ये दोहोंनी मिळून एकच कथा सांगितली. न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत विषारी वायूने कृष्णवर्णीय उतारूंचे बळी जातात. बाल्टिमोरच्या एका चर्चवर पूर्वी झालेल्या हल्ल्याशी त्याचे साम्य दिसताच तेथील पोलीस न्यूयॉर्कला येतात. बुधवारी आरंभलेली ही कथा शुक्रवारी दुसऱ्या मालिकेत पूर्ण झाली. पुढे १९९७ व १९९९ मध्येही असेच संयुक्त भाग झाले. पाहुण्या पात्रांनी आपला हट्ट आणि आपली कार्यपद्धती सोडली नाही, यजमानांनीही आपला अधिकार सोडला नाही; म्हणूनच या भेटींत जीव होता.

१९९९ मध्येच ‘होमिसाइड’ बंद पडली. परंतु तिच्यातील जॉन मंच हा गुप्तहेर त्याच वर्षी ‘लॉ अँड ऑर्डर’च्या एका नव्या शाखामालिकेत न्यूयॉर्कला आला. रिचर्ड बेल्झर यांनी ती भूमिका तेथे २०१३ पर्यंत नियमितपणे केली. मूळ घर मोडले, तरी त्या घरची आठवण बाळगणारा एकजण शेजारी नांदत राहिला.

आपल्या वाचकांना येथे वनपर्वाचे स्मरण झाल्यावाचून राहणार नाही. सौगंधिक कमळे आणावयास निघालेल्या भीमाच्या वाटेत वृद्ध वानर शेपूट पसरून बसला आहे. ते शेपूट भीमाला उचलत नाही आणि त्याचा गर्व उतरतो. मग हनुमान त्याला रामकथा व युगधर्म सांगतो. रामावतार संपला होता. त्याचा साक्षी मात्र उरला होता.

भेद एवढाच, की मंचला दुसऱ्या मालिकेत जावयास स्वामित्वहक्कधारकांची अनुमती लागते. हनुमंताला कोणत्याही कथेचे दार मोकळेच असते. पण पूर्वकथेची स्मृती पुढील श्रोत्यांच्या हाती देणे, हे कार्य दोघांनीही केले.