कँडी क्रशमध्ये कलर बॉम्ब बनतो कसा? स्पेशल कँडीमागचं साधं गणित

लेव्हल संपत आलेली असते. कोपऱ्यातल्या फक्त दोन जेली उरलेल्या असतात आणि नेमक्या तिथेच चाली संपतात. लगेच स्क्रीनवर विचारणा होते, आणखी ५ चाली हव्यात का? त्यासाठी गोल्ड बार मोजावे लागतात आणि ते संपले की खऱ्या पैशांनी विकत घ्यावे लागतात. ‘कँडी क्रश सागा’ खेळणाऱ्या जवळपास प्रत्येकाच्या वाट्याला हा क्षण येतो.

अशा वेळी बोल लावला जातो तो नशिबाला. नशिबाचा वाटा असतोच, कारण वरून कोणत्या रंगाची कँडी पडेल हे खेळणाऱ्याच्या हातात नसतं. पण अनेकदा खरं कारण वेगळं असतं. दिसल्या तीन सारख्या कँडी की जुळव, या सवयीत अर्ध्याहून जास्त चाली खर्च होतात आणि स्पेशल कँडी बनवायच्या राहून जातात.

हा खेळ आला कुठून?

किंग या कंपनीने एप्रिल २०१२ मध्ये ‘कँडी क्रश सागा’ फेसबुकवर आणला आणि त्याच वर्षी तो मोबाईलवरही आला. तीन सारख्या वस्तू जुळवण्याची कल्पना मात्र त्याआधीची. पॉपकॅपचा ‘बीज्वेल्ड’ हा हिऱ्या-माणकांचा खेळ २००१ पासून लोकप्रिय होता. ऑक्टोबर २०२३ पासून किंग ही मायक्रोसॉफ्टच्या मालकीची आहे.

खेळ डाउनलोड करायला फुकट आहे. लाइफ ५ असतात आणि गेलेली एक लाइफ परत यायला ३० मिनिटं लागतात. वाट बघायची नसेल किंवा चाली कमी पडल्या, की खरेदीचा पर्याय समोर येतो. म्हणूनच स्वतः बनवलेली प्रत्येक स्पेशल कँडी म्हणजे वाचलेली चाल, आणि कधी कधी वाचलेले पैसेही.

तीन प्रमुख स्पेशल कँडी

स्ट्राइप्ड: एका रांगेत ४ सारख्या कँडी जुळल्या की पट्ट्यांची कँडी मिळते. ती फुटली की पूर्ण आडवी किंवा पूर्ण उभी रांग साफ होते. तीन कँडी जुळवून ३ घरं रिकामी होतात, तर ९ घरांच्या रांगेत ही एकटी कँडी ९ घरं मोकळी करते.

रॅप्ड: ५ कँडी इंग्रजी ‘एल’ किंवा ‘टी’ अक्षराच्या आकारात जुळल्या की वेष्टनातली कँडी बनते. ती आजूबाजूची ८ घरं उडवते, आणि तेही दोनदा.

कलर बॉम्ब: ५ कँडी एका सरळ रेषेत जुळल्या की हा मिळतो. तो ज्या रंगाच्या कँडीशी बदलला जाईल, त्या रंगाच्या बोर्डवरच्या सगळ्या कँडी जातात.

जोड्या शोधा, तिकड्या नकोत

कलर बॉम्ब बनवताना सर्वात मोठी अडचण अशी, की तीन कँडी शेजारी आल्या की त्या लगेच फुटतात. पाच जमेपर्यंत त्या थांबत नाहीत. म्हणून मांडणी अशी लागते: दोन सारख्या कँडी, मध्ये एक वेगळ्या रंगाची, पुन्हा दोन सारख्या. पाचवी कँडी त्या मधल्या घराच्या अगदी बाजूला हवी. ती आत सरकवली की पाचही एकदम जुळतात.

स्ट्राइप्डसाठी हीच मांडणी थोडी छोटी होते: एका बाजूला दोन, दुसऱ्या बाजूला एक आणि मध्ये एका घराची फट. रॅप्डसाठी दोन कँडी आडव्या आणि दोन उभ्या हव्यात, आणि त्या जिथे भेटतात ते घर शेवटच्या चालीने भरायचं.

थोडक्यात, बोर्डवर तिकडी शोधण्याऐवजी एका रंगाच्या जोड्या आणि त्यांच्यामधली फट शोधावी.

पट्टे आडवे की उभे?

हे अनेकांच्या लक्षात येत नाही. पट्ट्यांची दिशा ठरते ती कँडी सरकवण्याच्या दिशेवरून. वर-खाली सरकवून आडव्या चार जुळवल्या, तर उभे पट्टे येतात आणि पुढे उभी रांग साफ होते. डावी-उजवीकडे सरकवून उभ्या चार जुळवल्या, तर आडवे पट्टे येतात. शिवाय स्पेशल कँडी बनते ती सरकवलेली कँडी जिथे येऊन बसली त्याच घरात.

याचा उपयोग काय? चेरी किंवा हेझलनट खाली उतरवायचं असेल, तर त्याच रांगेत आडव्या चार जुळवाव्यात. उभे पट्टे फुटले की खालची वाट मोकळी होते आणि चेरी सरळ खाली येते.

वर खेळावं की खाली?

‘नेहमी खालून खेळा’ हा सल्ला सर्रास दिला जातो. तो अर्धाच खरा आहे. खालच्या कँडी फुटल्या की वरचं सगळं सरकतं, नवे योग जुळतात आणि काही वेळा आपोआप स्पेशल कँडी बनते. हातात काहीच ठोस नसेल तेव्हा हे फायद्याचं. पण कलर बॉम्बची मांडणी अर्धी तयार असेल, तर तिच्या खालची एक चालही ती मोडू शकते. अशा वेळी मांडणीच्या वर किंवा लांबच्या रांगांत खेळणं बरं.

थोडा वेळ थांबलं की खेळ स्वतःच एक चाल हलवून दाखवतो. ती शक्य असलेली चाल असते, सर्वोत्तम असेलच असं नाही.

एकटी नको, जोडीने फोडा

दोन स्पेशल कँडी शेजारी आल्या की त्यांची अदलाबदल करता येते, रंग सारखे असण्याची गरज नसते. दोन स्ट्राइप्ड मिळून एक आडवी आणि एक उभी रांग साफ करतात. स्ट्राइप्ड आणि रॅप्ड मिळून तीन आडव्या आणि तीन उभ्या रांगा उडतात. कलर बॉम्ब आणि स्ट्राइप्ड एकत्र आले, तर त्या रंगाच्या सगळ्या कँडी स्ट्राइप्ड होऊन फुटतात. अडकलेली लेव्हल अनेकदा इथेच सुटते.

मात्र जोडीची वाट बघताना फार ताणू नये. पडझडीत त्याच रंगाच्या दोन कँडी शेजारी आल्या, तर जपून ठेवलेली स्ट्राइप्ड नको तिथे फुटून जाते.

तरीही जमत नसेल तर?

ऑस्ट्रेलियातले संगणकशास्त्रज्ञ टोबी वॉल्श यांनी २०१४ मध्ये दाखवून दिलं, की कँडी क्रश गणिताच्या भाषेत ‘एनपी-हार्ड’ गटात मोडतो. म्हणजे कोणत्याही बोर्डवर सर्वोत्तम चाली झटपट शोधून देणारी पद्धत संगणकालाही माहीत नाही. त्यामुळे एखादी लेव्हल दहा वेळा हरण्यात कमीपणा नाही.

पुढच्या वेळी ‘आणखी ५ चाली’ची खिडकी उघडली, तर पैसे मोजण्याआधी बोर्डकडे एकदा नीट पाहावं. शेजारी-शेजारी दोन स्पेशल कँडी तयार असतील, तर त्या ५ चालींना अर्थ आहे. नसतील, तर लेव्हल पुन्हा सुरू करणं स्वस्त पडतं.