पहिला सल्ला खिडकीवर

ग्वाल्हेरच्या सिटी सेंटरला लागून असलेलं जिवाजी विद्यापीठ १९६४चं. त्याआधी इथली कॉलेजं उज्जैनच्या विक्रम विद्यापीठाला जोडलेली, त्याच्याही आधी आग्र्याला. शिकायचं इथे, पदवी परगावची! मग नव्या मुलाला विषय कुठला घ्यावा हे सांगायचं कोणी? घरातला शिकलेला काका, नाहीतर एखादा सीनियर.

१९८६च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर देशात प्राध्यापकांसाठी अकॅडेमिक स्टाफ कॉलेजं निघाली, पण तिथला भर शिकवण्यावर. नवख्यांना सांभाळून कसं घ्यायचं, हे आयआयटी-बीएचयूने २०१६मध्ये मनावर घेतलं. पुढे एआयसीटीईने ते इंजिनिअरिंग कॉलेजांत नेलं, शिक्षकांसाठी आठ-आठ दिवसांची शिबिरं भरवली. २०१९मध्ये यूजीसीचं ‘दीक्षारंभ’ आलं: साधारण वीस विद्यार्थ्यांमागे एक मार्गदर्शक शिक्षक.

कागदावर छानच आहे. पण भिंड-मुरैन्याकडच्या खेड्यातून आलेलं पोर आधी उभं राहतं ते फॉर्मच्या खिडकीशी. ‘हा विषय घेतला तर पुढे बीएड करता येईल का?’ हे ते पलीकडच्या बाबूलाच विचारतं, आणि उत्तर चुकलं तर त्याचं वर्ष जातं. शिक्षकांच्या प्रशिक्षणाची निदान तारीखवार हकिकत तरी सांगता येते. त्यात हा बाबू फारसा कुठे भेटत नाही.