कुंडलिकेच्या मुखावरील वास्तुवैभव : चौल-रेवदंडा

अलिबागहून मुरूडकडे जाताना सुमारे १७ किलोमीटरवर रस्ता अचानक एका जाडजूड दगडी तटातून आत शिरतो आणि गाव ओलांडून पुन्हा तटातूनच बाहेर पडतो. एस.टी.तील बहुसंख्य प्रवाशांच्या हे ध्यानातही येत नाही. हाच रेवदंड्याचा किल्ला. कुंडलिका नदी जेथे अरबी समुद्रास मिळते, त्या मुखावर उत्तरेस रेवदंडा व त्याला लागून चौल, तर दक्षिणेस कोर्लईचा डोंगर उभा आहे. आज नारळी-पोफळीच्या वाड्यांत हरवलेला हा परिसर एकेकाळी पश्चिम किनार्‍यावरील अग्रगण्य बंदर होता, हे सांगितल्यावाचून कळणार नाही.

प्राचीन ग्रीक लेखनातील 'सिमिल्ला' म्हणजेच चौल, असे अभ्यासक मानतात. दहाव्या शतकात येथे आलेला अरब प्रवासी अल् मसुदी याने 'सैमूर' नावाने या नगरीचे वर्णन केले असून, येथे सुमारे दहा हजार मुसलमान राहात असल्याची नोंद केली आहे. रशियातील त्वेर येथील व्यापारी अफनासी निकितिन पंधराव्या शतकात भारतात उतरला, तोही चौलच्याच धक्क्यावर. वास्को द गामा येण्यापूर्वीची ही गोष्ट. निकितिन पुढे जुन्नर व बिदरपर्यंत गेला. त्याच्या स्मरणार्थ रेवदंड्यात २००२ मध्ये एक स्तंभ उभारण्यात आला.

पोर्तुगीजांचे येथील आगमन मात्र रक्तरंजित ठरले. मार्च १५०८ मध्ये इजिप्तचे आरमार व दीवचा मलिक अय्याज यांच्याशी याच खाडीच्या तोंडाशी झालेल्या लढाईत पोर्तुगीज व्हाइसरॉयचा पुत्र लोरेन्सो द आल्मेदा मारला गेला. व्हाइसरॉयने पुढच्याच वर्षी दीव येथे त्याचा सूड उगवला. निजामशहाची परवानगी घेऊन १५२१ मध्ये पोर्तुगीजांनी रेवदंड्यास किल्ल्याचे काम सुरू केले. पुढे १५७०-७१ मध्ये मुर्तझा निजामशहाने दिलेला कित्येक महिन्यांचा वेढा या वसाहतीने सोसला आणि त्यानंतर तटबंदी अधिकच भक्कम झाली.

या तटाच्या आत जे उरले आहे, त्यात सर्वांत नजरेत भरतो तो सातखणी मनोरा. चर्चला जोडून उभारलेला हा मनोरा सात मजल्यांचा, म्हणून सातखणी. मधले मजले कधीच नाहीसे झाले. पोकळ नळीसारख्या चार भिंती तेवढ्या झाडांच्या शेंड्यांवर डोके काढून आहेत. मोठ्या चर्चच्या कमानी व छताचा काही भागही टिकून आहे. या अवशेषांची नोंद केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित यादीत आहे. तथापि किल्ल्याच्या आत लोकवस्ती व खासगी वाड्या असल्याने 'संरक्षित' या शब्दाचा अर्थ फलकापुरताच उरतो की काय, अशी शंका येते. तटाच्या सांध्यांत वड-पिंपळ रुजले आहेत. मुळे जाड होत जातात तसा चिरा सरकतो, दरवर्षीचा पावसाळा त्या फटीत पाणी भरतो आणि एखादा भाग कोसळतो. घरे व वास्तू दोन्ही राखण्याचा प्रश्न येथे जितका बिकट, तितका निर्जन किल्ल्यांवर नाही.

रेवदंड्यातच बेने इस्रायल समाजाचे बेथ एल हे प्रार्थनामंदिर आहे. ते १८४२ मधील. शनिवारी घाणा बंद ठेवणारे 'शनवार तेली' म्हणून हा समाज या किनार्‍यावर ओळखला जाई. चौलच्या बाजूस रामेश्वराचे मंदिर, निजामशाही काळातील हमामखान्याचे अवशेष आणि टेकडीवरील दत्तमंदिर ही पाहण्याजोगी स्थळे. रामेश्वरापुढील पुष्करणी व मंदिरातील पर्जन्यकुंड प्रसिद्ध आहे. अवर्षणात हे कुंड उघडल्यास पाऊस पडतो, अशी परंपरागत श्रद्धा आहे. दत्तजयंतीस टेकडीवर मोठी यात्रा भरते.

खाडीपलीकडील कोर्लई पोर्तुगीजांनी १५९४ मध्ये निजामशहाकडून जिंकले. वसईच्या पाडावानंतर, १७४० मध्ये, चौलसह हा मुलूख मराठ्यांकडे आला. तोवर चौलचा व्यापार ओसरलाच होता. मुंबई वसू लागली आणि रेशमी वस्त्रे विणणारे येथील कारागीर तिकडे वळले. पोर्तुगीज गेले, परंतु त्यांची भाषा कोर्लई गावात राहिली. पोर्तुगीज व मराठीच्या मिश्रणातून झालेली ही बोली, 'नौ लिंग' म्हणजे 'आमची भाषा', डोंगराच्या पायथ्याची काही शे ख्रिस्ती माणसे घरात अजूनही बोलतात.

रेवदंड्याचा समुद्राकडील तट पाहायचा तर ओहोटीची वेळ साधावी. भरतीला पाणी थेट भिंतीशी येते. कोर्लईच्या माथ्यावरून नदीचे मुख, रेवदंड्याची वाडी आणि तिच्यातून वर आलेला सातखणी मनोरा एकाच नजरेत येतो.