नोकरी गेली, पण सिद्ध कुणी करायचं? बेरोजगारी भत्त्याची शंभर वर्षं

 

आजच्या भागासाठी एक काम करा. तुमची किंवा घरातल्या कुणाची पगाराची स्लिप उघडा. कापलेल्या पैशांच्या रकान्यात बहुतेक दोन ओळी सापडतील. एक ‘पीटी’, म्हणजे व्यवसाय कर. आणि पगार महिन्याला २१ हजारांच्या आत असेल तर दुसरी ‘ईएसआय’, म्हणजे कामगार विमा. रक्कम छोटी असते, म्हणून आपण तिकडे बघतच नाही. पण या दोन्ही ओळींचं नातं एकाच प्रश्नाशी आहे: हाताला काम नसेल तेव्हा आपल्याला काय मिळतं?

माझा एक मित्र चाकणजवळच्या एका छोट्या कारखान्यात होता. जून २०२० मध्ये त्याची नोकरी गेली. ईएसआय चार वर्षं कापला जात होता. कुणीतरी त्याला सांगितलं, ‘अरे, त्यातून बेरोजगारीचे पैसे मिळतात.’ चौकशी केली तर उत्तर आलं, की अर्ज जुन्या कंपनीमार्फत यायला हवा आणि स्टॅम्प पेपरवर प्रतिज्ञापत्र लागेल. कंपनी फोन उचलेना. पंधरा दिवसांनी तो बॅग भरून गावी गेला. एक रुपया मिळाला नाही.

तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरतेय. भत्त्याचा इतिहास आपण रकमांमध्ये वाचतो, किती मिळाले, किती दिवस मिळाले. खरा प्रश्न वेगळाच आहे. नोकरी गेली हे सिद्ध करायचं ओझं कुणाच्या डोक्यावर?

टपाल तिकिटांसारखं एक पुस्तक

ही गोष्ट सुरू होते ब्रिटनमध्ये. तिथून का? कारण कामगार विम्याचा जो साचा पुढे भारतात आला, त्याची घडण बरीचशी तिथली आहे.

१९१० च्या फेब्रुवारीत ब्रिटनमध्ये सरकारी ‘लेबर एक्स्चेंज’ उघडली. काम शोधणारा आणि काम देणारा यांची गाठ घालून देणारी कार्यालयं. त्यामागे दोन माणसं होती, तेव्हाचे व्यापारमंत्री विन्स्टन चर्चिल आणि तरुण अधिकारी विल्यम बेव्हरिज. मग १९११ मध्ये नॅशनल इन्शुरन्स कायदा आला. जहाजबांधणी, इमारतकाम, इंजिनिअरिंग अशा मोजक्या धंद्यांतल्या साधारण साडेबावीस लाख कामगारांना सक्तीचा बेरोजगारी विमा मिळाला. कामगाराचे आठवड्याला अडीच पेन्स, मालकाचे अडीच पेन्स, वर सरकारची भर. काम गेलं तर आठवड्याला ७ शिलिंग, वर्षात जास्तीत जास्त १५ आठवडे.

आता मिळवायचे कसे ते बघा. प्रत्येक कामगाराच्या नावाचं एक पुस्तक. दर आठवड्याला मालक त्यात टपाल तिकिटासारखा स्टॅम्प चिकटवणार. काम सुटलं की पुस्तक कामगाराला परत. ते त्याने एक्स्चेंजमध्ये जमा करायचं आणि कामाच्या वेळेत तिथे येऊन सही करायची. साधं गणित: भर दुपारी तू इथे सही करतोयस, म्हणजे दुसरीकडे कामावर नाहीस. झाला पुरावा!

अर्थात खाचा होत्याच. स्वतःहून काम सोडलं किंवा गैरवर्तनासाठी काढलं, तर सहा आठवडे काही नाही. संपावर असलेल्यालाही नाही. पण नकार आला तर दाद मागायची सोय होती. मालकांचा एक, कामगारांचा एक आणि मध्ये तटस्थ अध्यक्ष असं मंडळ ते ऐकायचं. शंभर वर्षांपूर्वी, मंडळी!

‘खरंच काम शोधलंस का?’

पहिलं महायुद्ध संपलं. १९२० मध्ये विमा एक कोटीहून जास्त कामगारांपर्यंत पोचला आणि लगेच मंदी आली. तिजोरीवर ताण आला, तशी नवी अट आली. १९२१ मध्ये काही जणांसाठी आणि १९२४ पासून सगळ्यांसाठी: आपण ‘मनापासून’ काम शोधतोय हे अर्जदाराने सिद्ध करायचं.

जिथे खाणीच बंद पडल्यात तिथे मन कसं दाखवायचं? माणसं या गेटवरून त्या गेटवर पायपीट करायची, नुसतं ‘मी इथेही विचारलं’ असं सांगता यावं म्हणून. गेटवर काम नाही हे त्यांनाही माहीत, गेटवाल्यालाही माहीत. या एका अटीवर लाखो अर्ज फेटाळले गेले.

१९३० मध्ये मजूरमंत्री मार्गारेट बाँडफील्ड यांच्या काळात ही अट काढली. त्या ब्रिटनच्या मंत्रिमंडळातल्या पहिल्या महिला. आता योग्य काम समोर आलं असताना नाकारलं, तरच भत्ता बंद. म्हणजे ओझं कामगाराच्या डोक्यावरून उतरून कार्यालयाच्या टेबलावर गेलं. कायद्यातला छोटासा बदल, पण माणसाच्या दिवसात केवढा फरक!

हे सुख वर्षभरच टिकलं. १९३१ च्या शेवटी ‘मीन्स टेस्ट’ आली. सहा महिन्यांचा विमा संपला की अधिकारी थेट घरी. मुलगा किती कमावतो? आजोबांना पेन्शन आहे का? घरात विकण्यासारखं काय आहे? पोराला चार पैसे मिळायला लागले की बापाचा भत्ता कमी. त्यापायी कितीतरी घरांतली कमावती पोरं वेगळी राहायला लागली.

१९३६ मध्ये जॅरो या गावातली २०० माणसं लंडनपर्यंत चालत गेली. गावची गोदी बंद पडली होती, त्यांना काम हवं होतं. परतल्यावर कळलं की त्यांचे पैसे कापलेत. कारण? चालत होते तेवढे दिवस ते ‘कामासाठी उपलब्ध’ नव्हते!

घरभर चौकशी करणारी ही चाचणी १९४१ मध्ये गेली. १९४२ च्या डिसेंबरात त्याच बेव्हरिज यांचा गाजलेला अहवाल आला. विमा हा हक्क आहे, भीक नाही, हा विचार तिथे पक्का झाला.

आपल्याकडे काय राहून गेलं

त्याच काळात दिल्लीत व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं कुणाकडे होतं? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे, १९४२ ते १९४६. या काळातच प्रा. बी. पी. अडारकर यांच्याकडे कामगारांच्या आरोग्य विम्याचा अहवाल सोपवला गेला आणि तो १९४४ मध्ये तयार झाला. त्यातून १९४८ चा राज्य कामगार विमा कायदा आला. फेब्रुवारी १९५२ मध्ये कानपूर आणि दिल्लीत योजना सुरू झाली. आजारपण, बाळंतपण, कामावरचा अपघात, सगळं त्यात होतं. बेरोजगारी नव्हती.

राज्यघटनेत मात्र तिचं नाव आहे. कलम ४१ बघा: बेकारी, म्हातारपण, आजार यांत सरकारी मदतीचा हक्क. पण ‘राज्याच्या आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत’. हे मार्गदर्शक तत्त्व आहे, त्यासाठी थेट कोर्टात जाता येत नाही.

मग आपल्याकडे दुसरी वाट निघाली, मालकाकडून भरपाई घ्यायची. १९५३ च्या दुरुस्तीने ठरलं की ले-ऑफमध्ये निम्मा पगार आणि कपात केली तर सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचा पगार. ऐकायला बरं वाटतं ना? पण ले-ऑफच्या कलमातच दोन शब्द होते, बदली आणि हंगामी कामगार सोडून.

गिरणगावात ज्यांचे आजोबा होते त्यांना ‘बदली’ म्हणजे काय ते सांगायला नको. कायम कामगार गैरहजर असेल तर त्याच्या जागी उभा राहणारा. रोज सकाळी गिरणीच्या गेटवर हजर व्हायचं. नाव पुकारलं तर पगार, नाही तर घरी. वर्षानुवर्षं एकाच गिरणीत राबूनही कागदावर तो कामावर असा नव्हताच. मग काम गेलं हे तो सिद्ध कसं करणार? १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपात अडीच लाखांच्या आसपास कामगार उतरले. त्यानंतर एकेक गिरणी बंद होत गेली, तेव्हा या लोकांना धरून ठेवणारा कुठलाही विमा नव्हता.

‘पीटी’ची ओळ कुठून आली

शहरात हे चाललं असताना खेड्यात मात्र महाराष्ट्राने वेगळाच प्रयोग केला. विधान परिषदेचे सभापती राहिलेले वि. स. पागे यांची ती कल्पना. १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात छोट्या प्रमाणावर प्रयोग झाला. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमी योजना राज्यभर गेली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. मागेल त्याला काम. १५ दिवसांत दिलं नाही, तर बेकारी भत्ता.

पैसा कुठून आला? शहरातल्या पगारदारांच्या व्यवसाय करातून, १९७५ च्या कायद्याने. हो, स्लिपवरची ती ‘पीटी’! दुष्काळी गावातल्या बाईच्या हाताला काम मिळावं म्हणून शहरातल्या कारकुनाने दिलेला पैसा.

हाच विचार २००५ मध्ये देशाच्या रोजगार हमी कायद्यात गेला. तिथे भत्ता ठरला पहिले ३० दिवस मजुरीच्या निदान एक चतुर्थांश आणि पुढे निदान निम्मा. पण भत्ता फार क्वचित कुणाच्या हाती पडला. गोम पोचपावतीत होती. काम मागितलं त्या तारखेची पावती हवी. तोंडी सांगितलं, ‘बघू, ये नंतर’ असं उत्तर आलं, की १५ दिवस मोजायला सुरुवातच होत नाही.

परत त्या स्लिपकडे

कामगार विम्यात बेरोजगारी शिरली ती थेट १ एप्रिल २००५ ला, राजीव गांधी श्रमिक कल्याण योजनेतून. कारखाना बंद पडला किंवा कपात झाली तर निम्मा पगार. पण सुरुवातीला अट होती पाच वर्षांच्या वर्गणीची.

१ जुलै २०१८ पासून अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना आली. सरासरी रोजच्या पगाराच्या २५ टक्के, ९० दिवसांपर्यंत, आयुष्यात एकदा. अर्ज नोकरी गेल्यावर तीन महिन्यांनी, तोही मालकामार्फत. म्हणजे ज्याने काढलं, त्याच्याच दारात जायचं.

मग कोविड आला. ऑगस्ट २०२० मध्ये नियम बदलले आणि ते २४ मार्च २०२० पासून लागू धरले. २५ चे ५० टक्के झाले, तीन महिन्यांचे ३० दिवस झाले, आणि अर्ज कामगाराने थेट ईएसआयच्या शाखेत द्यायचा. रोजची सरासरी ५०० रुपये धरा. ९० दिवसांचे आधी ११,२५० व्हायचे, आता २२,५००. नोव्हेंबरमध्ये प्रतिज्ञापत्राची अटही गेली. पुढे या सवलतीला मुदतवाढ मिळत राहिली.

माझा मित्र जुलैत गावी गेला होता. नियम ऑगस्टमध्ये बदलला. त्याला हे माझ्याकडून कळलं, तीन वर्षांनी. तो हसला आणि म्हणाला, ‘म्हणजे मी महिनाभर आधीच हरलो.’

मला ते वाक्य विसरता येत नाही. कारण रक्कम दुप्पट झाली हा त्या वर्षीचा खरा बदल नव्हता. मालकाच्या सहीची गरज संपली, हा होता. बाँडफील्डबाईंनी १९३० मध्ये केलं तसंच काहीसं.

तुमच्यासाठी यात काय? स्लिपा जपून ठेवा. ईएसआयचा विमा क्रमांक, आधार आणि बँक खातं जोडलेलं आहे ना ते नोकरी असतानाच बघा. ‘राजीनामा लिहून दे’ असं कुणी म्हटलं तर पेन उचलण्याआधी थांबा. कपात झाली की सोडून गेलात, हे त्या कागदावरून ठरतं. आणि कुठेही अर्ज दिलात तर तारखेची पोच घ्या. घ्याच.

आणि जे ॲपवर डिलिव्हरी करता करता हे ऐकतायत, त्यांच्यासाठी एक. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत ‘गिग कामगार’ हा शब्द आला, ही चांगली गोष्ट. पण एके दिवशी आयडी बंद झाला, तर तुमचं काम गेलं हे कुठल्या कागदावर दिसणार? गिरणीच्या गेटवर उभ्या असलेल्या त्या बदली कामगाराचा प्रश्न अजून तसाच आहे. फक्त गेट आता मोबाइलमध्ये आलंय.

तुमच्या घरात कुणी बदली होतं का? रोहयोवर कुणी गेलं होतं का? त्यांना आज रात्री जेवताना विचारा. आणि काय सांगतात ते आम्हाला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!